चावी देताना एवढं सांगा : खान्देशातल्या दुचाकी विक्रेत्यांना आणि मिस्त्री भावांना खुलं पत्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले दुचाकी विक्रेते, त्यांच्या सर्व्हिस सेंटरमधले सुपरवायझर आणि गावोगावच्या गॅरेजांतले माझे मिस्त्री भाऊ,

सप्रेम नमस्कार.

आखाजी (अक्षय्य तृतीया), दसरा, धनत्रयोदशी या मुहूर्तांना शोरूमपुढं किती गर्दी असते हे तुम्हाला मी सांगायला नको. कपाशीचे, केळीचे, मक्याचे पैसे हातात आले की घरातल्या पोराला गाडी घेतली जाते. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, चावीसोबत फोटो, पेढे. या सगळ्याला आपण हौसेनं वेळ देतो, आणि द्यायलाच हवा. पण ज्या एबीएससाठी (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गिऱ्हाइकानं पैसे मोजलेत ते कधी काम करतं आणि कधी करत नाही, हे सांगायला कुणी थांबत नाही. "यात एबीएस आहे, गाडी स्लिप होत नाही," एवढं बोलून सेल्समन पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतो. हे वाक्य अर्धवट आहे आणि त्याचा उरलेला अर्धा भाग गिऱ्हाइकाला रस्त्यावर कळतो. म्हणून हे पत्र.

आपल्याकडं गाडी बराच वेळ चालते ती कमी वेगातच. बाजाराच्या दिवशी पारोळ्यात, अमळनेरात, चोपड्यात वीसच्या वर काटा जात नाही. शेतरस्त्यावर, केळीच्या बागेतून बाहेर पडताना, पाड्यावरच्या उतारावर तर दहा-पंधरा. माझ्या गॅरेजात पडून आलेल्या ज्या गाड्या येतात त्यांत वाकडं हँडल, तुटलेला इंडिकेटर, घासलेलं फूटरेस्ट अशाच जास्त असतात. म्हणजे कमी वेगातलं पडणं. आणि मालक हमखास म्हणतो, "एबीएसची गाडी असून पडलोच कसा?" त्याची चूक नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी यंत्र काय करतं ते नीट मांडतो, कारण आपल्यातल्याही पुष्कळांना ते ऐकीव माहीत आहे. डिस्कच्या आतल्या बाजूला खाचांची एक पातळ रिंग असते आणि तिच्यासमोर मिलिमीटरच्या आसपास फट ठेवून सेन्सर बसवलेला असतो. चाक फिरलं की खाचा सेन्सरसमोरून जातात, प्रत्येक खाचेला एक ठोका, आणि ते ठोके मोजून एबीएस युनिटातला छोटा संगणक चाकाचा वेग काढतो. गाडी खरोखर किती वेगानं चाललीय हे त्याला थेट दिसत नाही. चाकांवरूनच तो अंदाज बांधतो. चाक एकाएकी मंदावलं, इतकं की गाडी तेवढ्या झपाट्यानं मंदावूच शकत नाही, की तो समजतो : चाक जाम होतंय. मग तो लिव्हरकडून येणारं तेल झडपेनं अडवतो, दुसऱ्या झडपेनं कॅलिपरमधलं (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागातलं) थोडं तेल सोडतो, चाक फिरू लागलं की पुन्हा दाब देतो. सेकंदाला अनेक वेळा. जाणता गाडीवान उधळलेल्या बैलाचा कासरा जसा ओढतो, सैल करतो आणि पुन्हा ओढतो, तसंच हे काम आहे. लिव्हर बोटांखाली थरथरते ती यामुळंच.

आता कमी वेगात काय होतं ते बघा. हिशेब सोपा आहे, कागदावर करून पाहता येतो. सतरा इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण 1.9 मीटर. रिंगेला समजा 48 खाचा आहेत. ताशी 60 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेतं, म्हणजे सेन्सरला सेकंदाला चारशेच्या वर ठोके मिळतात. ताशी 5 किलोमीटरला चाकाचा सेकंदात पाऊण फेरासुद्धा होत नाही, आणि ठोके पडतात पस्तीसच्या आसपास. दोन ठोक्यांमधलं अंतर इतकं वाढतं की चाक मंदावतंय की जाम झालंय हे वेळेत ओळखणं अवघड होतं. साध्या चुंबकी सेन्सरचा सिग्नल तर कमी वेगात मुळातच कमजोर होतो.

दुसरी गोष्ट वेळेची. चांगल्या रस्त्यावर ब्रेकनं दर सेकंदाला वेग 6 मीटर प्रतिसेकंदानं कमी होतो असं धरलं, तर 60 च्या वेगावरून गाडी साधारण 23 मीटरमध्ये थांबते, त्याला पावणेतीन सेकंद लागतात. एवढ्या वेळात एबीएसला भरपूर ओढ-सोड करता येते. 5 च्या वेगावरून तीच गाडी वीतभराच्या आत आणि पाव सेकंदाच्या आत थांबते. तिथं यंत्राला काम करायला जागाच नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : थांबलेलं चाक आणि जाम झालेलं चाक सेन्सरला एकसारखंच दिसतं. शेवटपर्यंत एबीएस ब्रेक सोडत राहिलं तर गाडी पूर्ण थांबणारच नाही, उतारावर तर पुढं सरकत राहील. म्हणून ठरावीक वेगाखाली एबीएस स्वतःहून बाजूला होतं आणि ब्रेक साध्या ब्रेकसारखा राहतो. ही सीमा मॉडेलप्रमाणं बदलते, बहुतेक गाड्यांत ती ताशी 5 ते 10 किलोमीटरच्या दरम्यान असते. मोटरसायकलच्या ब्रेकच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही एबीएसची चाचणी वेग 10 किलोमीटरपर्यंत उतरेपर्यंतच धरली जाते, त्याखाली चाक जाम झालं तर तो दोष मानत नाहीत. यात कंपनीची फसवाफसवी नाही. यंत्र असंच असायला हवं. फसवणूक होते ती न सांगण्यानं.

दिव्याचंही तेच. चावी फिरवली की मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी थोडी पळाल्याशिवाय विझत नाही, कारण चाक फिरल्याशिवाय सेन्सर चालू आहे की नाही हे युनिटला तपासताच येत नाही. नवी गाडी नेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभा असतो : "भाऊ, हाऊ दिवा काब्रं लागेल ऱ्हास?" (हा दिवा का लागलेला राहतो?) त्याचा अर्धा दिवस वाया गेलेला असतो आणि कुणीतरी त्याला फ्यूज काढायचा सल्लाही दिलेला असतो. उलटही होतं. मेन स्टँडवर गाडी लावून कुणी मागचं चाक गियरमध्ये फिरवलं, तर मागचं पळतंय आणि पुढचं उभं आहे असं बघून काही गाड्यांचं युनिट गोंधळतं आणि दिवा लावून बसतं. चावी बंद करून पुन्हा सुरू केली आणि गाडी थोडी चालवली की बहुतेक वेळा तो जातो. पण चाळीसच्या वेगातही दिवा लागलेलाच असेल, तर मात्र एबीएस बंद आहे. ब्रेक लागतो, फक्त चाक जाम होण्यापासून वाचवणारं कुणी नाही. या दोन दिव्यांतला फरक गिऱ्हाइकाला माहीत हवा की नको?

आता पडण्याकडं येतो.

आपल्याकडच्या दीडशे-एकशेसाठ सीसीच्या पुष्कळ गाड्यांना सिंगल चॅनल एबीएस आहे, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक पूर्वी जसं जाम व्हायचं तसंच आजही होतं. आणि आपला माणूस ब्रेक मारतो तो पायानं. लहानपणी शंभर सीसीच्या गाडीवर शिकलेला असतो, "पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील" हे बापाकडून ऐकलेलं असतं. संकटात सगळा जोर पायावर जातो, मागचं चाक जाम होतं, शेपटी फिरते आणि गाडी आडवी होते. ज्या चाकाला एबीएस आहे त्याच्या लिव्हरला त्यानं हातच लावलेला नसतो. "पुढचा ब्रेक हाच खरा ब्रेक आहे, आता त्याला एबीएसही आहे, त्याची भीती सोड," हे चावी देणाऱ्यानं नाही सांगायचं तर कुणी सांगायचं?

दुसरं पडणं वळणावरचं, आणि खरं कमी वेगाचं. बाजारात डावीकडं वळतोय, हँडल वळलेलं, वेग सात-आठ, समोर हातगाडी येते आणि तो पुढचा ब्रेक गच्च दाबतो. गाडी तिथल्या तिथं वळणाच्या बाजूला कोसळते. वळताना गाडी किंचित कललेली असते, तिला चालता वेग तोलून धरतो. वेग एकदम गेला की तोल गेला. इथं चाक घसरण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळं एबीएस चालू असतं तरी वाचवू शकलं नसतं. शिवाय साध्या एबीएसला गाडी किती कलली आहे हे कळतच नाही. ते ओळखणारी यंत्रणा असते ती महागड्या मोठ्या गाड्यांत. हँडल सरळ असताना वेग कमी करायचा, आणि वळणात शेवटच्या दोन-चार पावलांना हलका मागचा ब्रेक. एवढंच शिकवायचं आहे.

तिसरं आपल्या मातीचं. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातून डांबरावर येतो आणि चाकांना चिकटलेली काळी माती पट्ट्या-पट्ट्यांनी रस्त्यावर टाकत जातो. वरून झिमझिम पाऊस पडला की त्या मातीचा साबण होतो. रावेर, सावदा, यावलकडं केळीची पानं आणि दांडे गाडीवरून गळतात, चाकाखाली चिरडून तेलकट होतात. अशा ठिकाणी पकडच इतकी कमी असते की बोट टेकवलं तरी चाक जाम व्हायला बघतं. तिथं पंधरा-वीसच्या वेगात पुढचं एबीएस काम करतं आणि गाडी सरळ ठेवतं, हे त्याचं मोठं उपकार. पण थांबायला जमीन लांब लागते, कारण एबीएस नसलेली पकड आणत नाही, असलेली पकड हातची जाऊ देत नाही.

सैल मुरमावर तर गंमत उलटी आहे. तिथं जाम झालेलं चाक स्वतःपुढं खडीचा ढीग साचवतं आणि त्या ढिगाला अडून गाडी लवकर थांबते. एबीएस चाक फिरतं ठेवतं, ढीग साचू देत नाही, म्हणून थांबायचं अंतर वाढतं. सातपुड्यात, तोरणमाळच्या बाजूच्या कच्च्या उतारांवर किंवा कन्नड घाटात काम सुरू असलेल्या खडीच्या तुकड्यावर माणसाला वाटतं ब्रेकच गेला. घाबरून तो लिव्हर सोडतो आणि पुन्हा दाबतो, अंतर आणखी वाढतं. उतार लागण्याआधी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये यावं, इंजिनानं गाडी धरून ठेवावी, ब्रेकवर कमीत कमी भार टाकावा. हे घाटातल्या लोकांना पिढीजात कळतं. पण नव्या गाडीवर बसलेला पोरगा म्हणतो, आता एबीएस आहे ना.

आणि गतिरोधक. पांढरा पट्टा नाही, फलक नाही, गावाच्या वेशीवर एकदम डांबराचा उंचवटा. त्यावर ब्रेक दाबलेला असताना पुढचं चाक क्षणभर हवेत उडतं. हवेतलं चाक ब्रेकनं लगेच थांबतं, युनिटला वाटतं जाम झालं, ते दाब सोडतं, आणि चाक पुन्हा जमिनीला टेकल्यावर क्षणभर ब्रेक नसल्यासारखा वाटतो. यंत्र बिघडलेलं नसतं. ब्रेक उंचवट्याआधी संपवायचा आणि लिव्हर सोडून वरून जायचं.

आता मिस्त्री भावांनो, तुमच्याशी आणि पंक्चरवाल्यांशी बोलतो, कारण पुढचं आपल्या हातातलं आहे.

पंक्चर काढताना पुढचं चाक खोलून डिस्कच्या बाजूनं जमिनीवर टाकायची सवय सोडा. ती पातळ रिंग दगडावर टेकते, वरून टायर उचकटायला आपण पहार लावून वजन देतो, आणि रिंग वाकते. डोळ्यांना दिसत नाही इतकी. चाक फिरलं की एका जागी फट कमी होते, एका जागी वाढते, सेन्सरचे ठोके चुकतात, आणि कमी वेगात युनिटला वाटतं चाक अडखळतंय. मग सुक्या, चांगल्या रस्त्यावर, सिग्नलला हळू थांबताना लिव्हर उगाच थरथरते. अशी गाडी आली की आधी चाक हवेत उचलून हातानं हळूहळू फिरवा आणि रिंग व सेन्सर यांच्यामधल्या फटीकडं एकटक बघा. युनिट बदलायच्या गोष्टी नंतर.

सेन्सरच्या टोकावर ब्रेक पॅडची लोखंडी भुकटी चिकटते, त्यावर काळी माती बसते, आणि उन्हाळ्यात ती विटेसारखी घट्ट होते. ओल्या कापडानं पुसा, प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट सेन्सरवर मारू नका. पट्टी नीट बांधली नाही म्हणून पुढच्या फोर्कशी घासून तुटलेली सेन्सरची वायर मी वारंवार बघतो. गिऱ्हाईक टायर मोठा बसवा म्हणाला तर सांगा की घेर बदलला की चाकाच्या वेगाचा हिशेबही बदलतो. ब्रेक तेलाचं तर आपल्याकडं कुणी नावच घेत नाही. डॉट 4 तेल हवेतलं पाणी ओढतं. नवं तेल कमीत कमी 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलेल्या तेलाची हीच मर्यादा 155 वर येते, आणि घाट उतरताना तेवढी उष्णता कॅलिपरजवळ होऊ शकते. शिवाय तेच पाणी युनिटातल्या बारीक झडपा गंजवतं. दोन वर्षांनी तेल बदला, आणि का बदललं हे गिऱ्हाइकाला सांगा, म्हणजे त्याला ते पैसे काढायचं कारण वाटणार नाही.

आणि कुणी कितीही मागं लागलं तरी एबीएसचा फ्यूज काढून देऊ नका. "लिव्हर धक्के मारते, बंद करून दे" असं म्हणणाऱ्याला गाडीवर बसवा, मोकळ्या रस्त्यावर न्या, आणि तो धक्का म्हणजे काय ते दाखवा.

शेठ लोकांनो, माझी खरी मागणी तुमच्याकडं आहे. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं होऊन बराच काळ झाला : नव्या मॉडेलना 1 एप्रिल 2018 पासून, आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना 1 एप्रिल 2019 पासून. त्याखालच्या गाड्यांना सीबीएस (कंबाइंड ब्रेकिंग सिस्टीम) चालतं, आणि ते एबीएस नव्हे, हेही तुमचे सेल्समन सांगत नाहीत. सीबीएस एका ब्रेकवर दोन्ही चाकांना जोर देतं, चाक जाम होणं थांबवत नाही. जून 2025 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्याच दुचाकींना एबीएस लावण्याचा मसुदा काढला. अंमल केव्हाही होवो, खेड्यातली शंभर सीसीची गाडी, जिच्यावर आजोबा, सून आणि दुधाची किटली एकत्र जातात, तीसुद्धा त्या वाटेवर आहे. तेव्हा हे सगळे प्रश्न आजच्यापेक्षा कितीतरी जास्त दारांत उभे राहतील.

लायसनच्या परीक्षेवर विसंबून राहू नका. तिथं आठचा आकडा काढायला लावतात, तो काढताना पाय टेकला नाही म्हणजे झालं. जोरात ब्रेक मारून गाडी सरळ थांबवायला किती जणांना लावलं जातं हे तुम्हीही जाणता. परिवहन अधिकारी साहेबांनी हे वाचलं तर त्यांनाही हात जोडून विनंती आहे, पण ते काम त्यांच्या हातून होईल तेव्हा होईल.

तुमच्या हातात शोरूममागची जागा आहे. डिलिव्हरीच्या दिवशी गिऱ्हाइकाला हेल्मेट घालून, सरळ रेषेत, कोरड्या जमिनीवर पंचवीस-तीसच्या वेगात आणा आणि पुढचा ब्रेक पूर्ण दाबायला लावा. हातात थरथर येईल, गाडी सरळ थांबेल. मग पायी चालण्याच्या वेगात तोच ब्रेक हलका दाबायला लावा, म्हणजे त्याला कळेल की इथं थरथर येत नाही, इथं स्वतःचा हातच सांभाळायचा. दोन फेऱ्या. ज्या घरात गाडी बाई चालवणार आहेत तिथं त्यांना बसवा, फोटोत उभं करून भागत नाही.

आणि चावीसोबत मराठीतलं एक कार्ड द्या, कारण इंग्रजी मॅन्युअल सीटखालीच राहतं. मजकूर मी लिहून ठेवला आहे, कुणीही छापा, माझं नाव नको :

"तुमच्या गाडीला एबीएस पुढच्या चाकाला / दोन्ही चाकांना आहे (एकावर खूण करा). चावी लावल्यावर पिवळा दिवा लागेल, गाडी चालू लागल्यावर विझेल. चालत्या गाडीत विझला नाही तर गाडी दाखवायला आणा, फ्यूज काढू नका. जोरात ब्रेक मारल्यावर लिव्हर थरथरली तर सोडू नका, दाबून धरा. अगदी हळू वेगात एबीएस काम करत नाही. वळताना, चिखलात, खडीवर आणि गतिरोधकावर आधीच वेग कमी करा. पंक्चर काढताना चाक डिस्कवर पालथं टाकू देऊ नका."

ज्या शोरूमला हवं असेल तिथं मी रविवारी येईन, तुमच्या सेल्समनना आणि शेजारच्या पंक्चरवाल्यांना एकत्र बसवा, सोबत एक वाकलेली रिंग आणि एक सरळ रिंग घेऊन येतो. चहा तेवढा तुमचा.

आपला,
पारोळ्याचा एक दुचाकी मिस्त्री